नेदरलँड्समध्ये मतं मोजायला कायदा आहे, सरकार बनवायला फक्त रिवाज

प्रश्न असा आहे: नेदरलँड्सच्या संसदेत पंधरा-पंधरा पक्ष असतात, बहुमत कुणालाच नसतं. मग तिथला मतदार नेमकं निवडतो तरी काय? जागा कशा ठरतात? आणि निकालानंतर सरकार यायला सात-आठ महिने का लागतात?

आधी एक गैरसमज दूर करू. डच मतदार सरकार निवडत नाही आणि आपल्या भागाचा खासदारही निवडत नाही. ट्वेडे कामर म्हणजे तिथलं कनिष्ठ सभागृह. त्याच्या १५० जागांची पक्षांमध्ये वाटणी करणं एवढंच मतदाराच्या हातात असतं. या वाटणीचे नियम इतके काटेकोर आहेत की शे-दीडशे मतांनी एक जागा इकडची तिकडे जाते. त्यापुढे सरकार बनवण्याचा टप्पा येतो आणि त्याबद्दल कायद्यात जवळपास काहीच नाही. ही व्यवस्था समजायला अवघड वाटते ती या दोन टोकांमुळे.

मतदारसंघ हा शब्द डोक्यातून काढून टाकला की निम्मं काम होतं. १९१७ साली घटना बदलून प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणलं आणि १९१८ पासून सगळ्या निवडणुका त्याच पद्धतीने झाल्या. अख्खा देश हाच एक मतदारसंघ. कागदावर २० निवडणूक विभाग आहेत (विसावा कॅरिबियनमधल्या बोनेअर, साबा वगैरे बेटांचा), पण ते उमेदवारी अर्जांपुरते. जागा विभागवार वाटल्या जात नाहीत. म्हणून तिथे पोटनिवडणूक हा प्रकारच नाही. खासदार वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याच यादीतला पुढचा माणूस येतो. बाळंतपणाची किंवा मोठ्या आजाराची रजा असेल तर १६ आठवड्यांसाठी बदली खासदारसुद्धा यादीतूनच येतो.

निवडणूक लढवायची तर पक्षाला आधी रीतसर संघटना म्हणून नोंदणी करावी लागते, नोटरीकडे केलेल्या दस्तासह. मग निवडणूक परिषदेकडे, म्हणजे कीसराडकडे, ४५० युरो भरून नाव नोंदवायचं. सभागृहात आधीपासून जागा नसलेल्या पक्षाला आणखी दोन अडथळे असतात. पहिला अनामत रकमेचा: ११,२५० युरो. दुसरा पाठिंब्याच्या सह्यांचा: प्रत्येक विभागातून ३० आणि बेटांच्या विभागातून १०, म्हणजे एकूण ५८०. आकडा छोटा दिसतो, पण नवखे पक्ष अडकतात ते इथेच. या सह्या घरोघरी फिरून गोळा करता येत नाहीत. पाठिंबा देणाऱ्या मतदाराने स्वतः आपल्या नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, आणि तीही उमेदवारीच्या दिवसाआधीच्या दोन आठवड्यांत. ॲम्स्टरडॅममध्ये तीस माणसं सहज मिळतात, एखाद्या दूरच्या विभागात अठ्ठावीसवर गाडं अडतं. मग त्या विभागातल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच येत नाही आणि तिथली मतं गेली ती गेलीच. उमेदवारीचा दिवस मतदानाच्या ४४ दिवस आधी असतो. २०२५ मध्ये तो १५ सप्टेंबरला होता, मतदान २९ ऑक्टोबरला.

प्रत्येक पक्ष क्रमवार यादी देतो. एरवी ५० नावं चालतात, १५ हून जास्त जागा असलेल्या पक्षाला ८०. पहिल्या क्रमांकाचा माणूस यादीप्रमुख, डच भाषेत ‘लाइस्टट्रेकर’, म्हणजे यादी ओढणारा. शेवटी बहुतेक वेळा एखादा माजी मंत्री, खेळाडू किंवा लेखक असतो. त्याला निवडून यायचंच नसतं, फक्त आपल्या नावावर चार मतं आणून द्यायची असतात. त्याला ‘लाइस्टड्यूव्हर’, यादी ढकलणारा, म्हणतात. पुढून एक ओढतो, मागून एक ढकलतो, म्हणजे आपल्याकडच्या बैलगाडीचंच चित्र.

आता मतदाराची बाजू. ‘यादीत नाव नाही’ ही तक्रार तिथे ऐकू येत नाही, कारण मतदार नोंदणी वेगळी करावीच लागत नाही. राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद असते. १८ वर्षं पूर्ण झालेला डच नागरिक असेल, तर मतदानाच्या किमान १४ दिवस आधी पोस्टाने ‘स्टेमपास’, म्हणजे मतदानाचा पास, घरी येतो. त्यानंतर उमेदवारांची छापील यादी येते. मतदान बहुधा बुधवारी, सकाळी साडेसात ते रात्री नऊ. आपल्या नगरपालिकेच्या हद्दीतल्या कुठल्याही केंद्रावर जाता येतं: शाळा, चर्च, वाचनालय, रेल्वे स्टेशन. दुसऱ्या गावी मत द्यायचं असेल तर स्टेमपास आधीच बदलून ‘कीझरपास’ घ्यायचा.

केंद्रावर तीन माणसांचं टेबल असतं. पहिला ओळखपत्र बघतो. पासपोर्ट किंवा लायसन्सची मुदत संपून पाच वर्षं झाली नसतील तर चालतं. दुसरा स्टेमपासवरचा क्रमांक रद्द झालेल्या पासांच्या यादीशी ताडून बघतो. तिसरा मतपत्रिका देतो. बोटाला शाई नाही, मतदार यादीवर सही नाही. दुबार मतदान रोखायचं सगळं काम तो एक कागद करतो: पास जमा केला की संपलं. म्हणूनच पास हरवला तर तो शोधत बसू नये. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत नगरपालिकेत गेलं की दुसरा मिळतो आणि जुन्याचा क्रमांक रद्द यादीत जातो. बारानंतर काही करता येत नाही. आणि जुना पास नंतर सापडला म्हणून उत्साहाने तोच घेऊन गेलात, तर दुसरा टेबलवाला तुम्हाला परत पाठवतो. दरवेळी असे काहीजण निघतातच.

आपल्याला नवलाची वाटावी अशी एक सोय म्हणजे मुखत्यारी मतदान, ‘फोलमाख्ट’. तुम्ही आजारी आहात किंवा परगावी आहात, तर स्टेमपासच्या मागच्या बाजूला दुसऱ्याचं नाव लिहून दोघांनी सही करायची, तुमच्या ओळखपत्राची प्रत द्यायची आणि त्याने तुमचं मत टाकायचं. मर्यादा दोन: एक माणूस जास्तीत जास्त दोघांची मतं नेऊ शकतो, आणि ती स्वतःच्या मताबरोबर त्याच वेळी टाकावी लागतात. आधी स्वतःचं मत टाकून आलेला मुलगा संध्याकाळी आईचा पास घेऊन गेला, तर आईचं मत बुडतं. ही चूक सहज होते. या सोयीवर टीकाही बरीच होते. घरातला कर्ता पुरुष बायकोचं आणि आईचं मत स्वतःच टाकून येतो का, हे तपासायला कुठलाच मार्ग नाही. माझ्या मते आक्षेपात तथ्य आहे.

मतपत्रिका म्हणजे अक्षरशः चादर. पक्षागणिक एक उभा रकाना, रकान्यात सगळे उमेदवार, प्रत्येक नावासमोर काळ्या चौकटीत एक पांढरा गोल. २०२१ मध्ये ३७ पक्ष होते, २०२३ मध्ये २६. उघडली की मतदान कक्षाच्या फळीवर मावत नाही, कडा दोन्हीकडून लोंबतात. पुन्हा घडी घालताना मूळच्या घड्या सापडत नाहीत. कक्षात दोरीला किंवा साखळीला लाल पेन्सिल बांधलेली असते. एक गोल लाल करायचा, एकच. नुसतं पक्षाला मत देण्याची सोय नाही, कुठल्यातरी नावावरच खूण करावी लागते. ज्यांना पक्ष महत्त्वाचा वाटतो ते पहिलं नाव रंगवतात, आणि बरेच लोक मुद्दाम यादीतली पहिली स्त्री शोधून तिचा गोल रंगवतात. गोल अर्धवट रंगवला किंवा आत लाल बरोबरची खूण केली तरी मत वैध. खिशातल्या निळ्या पेनाने केलं तर बाद. दोन गोल लाल केले, कुठे नाव-सही लिहिली, तरी बाद. काहीच खूण नसेल तर ते ‘कोरं मत’. मतदानाच्या टक्केवारीत ते धरतात, जागावाटपात धरत नाहीत. चूक झाली तर पत्रिका परत देऊन दुसरी मागता येते, पण एकदाच.

कुणी विचारलं की इतका प्रगत देश पेन्सिल का वापरतो, तर उत्तर असं: ते यंत्रावरून कागदावर परत आले. १९९० च्या दशकापासून बहुतेक ठिकाणी मतदान यंत्रं होती. २००६ मध्ये एका नागरिक गटाने यंत्र उघडून त्यातली चिप बदलून दाखवली. शिवाय यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरींवरून काही अंतरावर बसून मत ओळखता येऊ शकतं, हेही पुढे आलं. पुढच्या दीड-दोन वर्षांत यंत्रांची मान्यता गेली आणि २००९ पासून सगळीकडे लाल पेन्सिल. सध्या काही निवडक नगरपालिकांत छोट्या मतपत्रिकेचा प्रयोग चालू आहे, त्यात आधी पक्ष आणि मग उमेदवाराचा क्रमांक निवडायचा.

रात्री नऊला दार बंद होतं आणि त्याच खोलीत मोजणी सुरू होते. कुणीही नागरिक उभं राहून बघू शकतो. आधी जमा झालेले पास, कीझरपास आणि मुखत्यारपत्रं मोजतात: किती जणांना आत घेतलं तो हा आकडा. मग पेटीतल्या पत्रिका मोजतात. दोन्ही आकडे जुळायला हवेत. जुळले नाहीत तर फरक किती आणि का, हे अहवालात लिहावं लागतं. कारणं साधी असतात. कुणीतरी पत्रिका खिशात घालून घरी नेलेली असते, एका मोठ्या घडीत दुसरी पत्रिका अडकलेली असते, दोन पास एकमेकांना चिकटून एकच मोजला गेलेला असतो. फरक असणं हा गुन्हा नाही. तो लपवून आकडे ‘बसवणं’ ही खरी चूक, कारण मग दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तो केंद्राचाच दोष ठरतो. पुढे पत्रिका पक्षवार लावतात आणि त्यानंतर उमेदवारवार मोजतात. काही नगरपालिका उमेदवारवार मोजणी दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये करतात. रात्री बारा वाजता दमलेल्या माणसांनी पन्नास नावांचे गठ्ठे लावण्यापेक्षा ते बरंच.

टीव्हीवर नऊच्या ठोक्याला एक्झिट पोल येतो, पहाटेपर्यंत वृत्तसंस्थेने गोळा केलेले आकडे येतात. यातलं काहीही अधिकृत नसतं. नगरपालिकेचं निवडणूक मंडळ प्रत्येक केंद्राचा अहवाल तपासतं, ते अहवाल इंटरनेटवर टाकले जातात, कुणाही नागरिकाला चूक दाखवता येते आणि फेरमोजणीही होते. उमेदवारवार तक्त्यात शेजारच्या ओळीत आकडा चढणं, ३१ चे १३ होणं, हे हमखास. अधिकृत निकाल आठवडा-दीड आठवड्याने कीसराड जाहीर करते. २२ नोव्हेंबर २०२३ च्या मतदानाचा निकाल १ डिसेंबरला लागला.

आता खरी गंमत, जागावाटप. २०२३ चेच आकडे घेऊ.

वैध मतं १,०४,३२,७२६. त्यांना १५० ने भागलं की ६९,५५१ आणि वर थोडे. हा ‘कीसडेलर’, एका जागेचा भाव. वेगळी टक्केवारीची अट नाही. हा भाव गाठलात तर आत, नाहीतर बाहेर. म्हणजे साधारण ०.६७ टक्के मतं, जर्मनीत ५ टक्के लागतात. जेए२१ या पक्षाला ७१,३४५ मतं मिळाली, एक जागा पदरात. बीव्हीएनएल या दुसऱ्या पक्षाला ५२,९१३ मिळाली, जागा नाही. मात्र अनामत जप्त होते ती कीसडेलरच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी मतं पडली तर. ती रेषा होती ५२,१६४. म्हणजे जागा गेली, अनामत वाचली.

प्रत्येक पक्षाची मतं या भावाने भागून पूर्ण जागा आधी देतात. गेर्ट विल्डर्स यांचा पक्ष पीव्हीव्ही २४,५०,८७८ मतं, ३५ जागा. ग्रूनलिंक्स आणि पीव्हीडीए यांची संयुक्त यादी १६,४३,०७३, २३ जागा. व्हीव्हीडी १५,८९,५१९, २२. एनएससी १३,४३,२८७, १९. डी६६ ६,५६,२९२, ९. बीबीबी ४,८५,५५१, ६. सीडीए ३,४५,८२२, ४. एसपी ३,२८,२२५, ४. बाकीच्या छोट्या पक्षांच्या मिळून १८. एकूण १४०. दहा जागा उरल्या.

या उरलेल्या जागा अपूर्णांकाच्या क्रमाने देत नाहीत, सरासरीने देतात. ‘या पक्षाला आणखी एक जागा दिली, तर त्याची एक जागा किती मतांना पडेल?’ असं प्रत्येक पक्षाबद्दल विचारायचं आणि ज्याची सरासरी सर्वांत मोठी त्याला जागा द्यायची. मग पुन्हा तेच. बीबीबीला सातवी दिली तर ४,८५,५५१ भागिले ७ म्हणजे ६९,३६४. सर्वांत मोठी, म्हणून पहिली जागा त्यांची. दुसरी सीडीएची पाचवी, ६९,१६४. तिसरी व्हीव्हीडीची, मग ग्रूनलिंक्स-पीव्हीडीए, पीव्हीव्ही, एनएससी, पुन्हा पीव्हीव्ही, पुन्हा व्हीव्हीडी, पुन्हा ग्रूनलिंक्स-पीव्हीडीए. नऊ झाल्या. दहाव्यासाठी एसपीची सरासरी ६५,६४५ आणि डी६६ ची ६५,६२९. जागा एसपीला. डी६६ ला आणखी १५९ मतं असती तर ती त्यांची होती. एक कोटी चार लाखांत एकशे एकोणसाठ.

ही पद्धत मोठ्या पक्षांना झुकतं माप देते, हे कुणी नाकारत नाही. अपूर्णांकाने वाटल्या असत्या तर पीव्हीव्ही आणि एनएससीला उरलेल्यातली एकही मिळाली नसती, आणि डी६६, देंक, व्होल्ट, प्राण्यांचा पक्ष, फोरम यांना एकेक मिळाली असती. म्हणजे विल्डर्स ३७ ऐवजी ३५ वर. गंमत म्हणजे १९ पेक्षा कमी सदस्यांच्या नगरपालिका सभागृहात डच लोक स्वतः अपूर्णांकाचीच पद्धत वापरतात, तिथे छोट्यांना संधी मिळावी म्हणून.

पक्षाच्या जागा ठरल्या, पण माणसं कोण? एरवी यादीच्या क्रमाने. पण ज्या उमेदवाराला स्वतःच्या नावावर कीसडेलरच्या पाव हिश्शापेक्षा जास्त मतं पडली, २०२३ च्या हिशोबात १७,३८८ किंवा अधिक, तो क्रम ओलांडून आत येतो. पक्षाने विसाव्या क्रमांकावर ढकललेला माणूस असा येऊ शकतो. मात्र पक्षाच्या वाट्याला जागा असायला हव्यात. सर्वांत गाजलेलं उदाहरण २००६ चं: व्हीव्हीडीचे यादीप्रमुख मार्क रुटे यांना सुमारे ५ लाख ५३ हजार मतं आणि यादीत त्यांच्या खाली असलेल्या रिटा फेरडोंक यांना ६ लाख २० हजार. पक्षात पुढे वर्षभर जे व्हायचं ते झालं आणि फेरडोंक बाहेर पडल्या.

जागा ही कायद्याने खासदाराची, पक्षाची नव्हे. पक्षांतरबंदी नाही. विल्डर्स २००४ मध्ये व्हीव्हीडीतून बाहेर पडले ते खासदारकीसकट. पीटर ओम्टझिग्ट यांनी २०२१ मध्ये सीडीए सोडली, जागा खिशात ठेवून, आणि २०२३ मध्ये एनएससी काढून २० जागा मिळवल्या. आपल्याकडे ज्या भांडणासाठी विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय लागतं, ते तिथे सभागृहाच्या अध्यक्षांना एक पत्र लिहून संपतं. पीव्हीव्ही तर आणखी वेगळी: पक्षाचं सदस्यत्व सामान्य माणसाला मिळतच नाही, सदस्य म्हणून माणूस एकटा विल्डर्सच. सरकारी अनुदानाला किमान हजार सदस्य लागतात, त्यामुळे ते मिळत नाही. हा तोटा त्यांनी जाणूनबुजून पत्करला आहे.

इथवर सगळं गणित. यापुढे बहुमताचा, ७६ चा आकडा जमवायचा आणि त्यासाठी नियमांचं पुस्तक नाही. १९१८ पासून एकाही पक्षाला एकट्याने तो गाठता आलेला नाही. सीडीएच्या १९८६ आणि १९८९ च्या ५४ जागा हा उच्चांक.

रिवाज असा. निकालानंतर नेते सभागृह अध्यक्षांना भेटतात आणि एक ‘फर्केनर’ नेमला जातो. त्याचं काम चाचपणीचं: कुणाला कुणाबरोबर बसायची तयारी आहे? नवं सभागृह बसल्यावर त्यावर चर्चा होते आणि ‘इन्फॉर्माटर’ नेमतात. तो बहुधा मुरलेला, सक्रिय राजकारणातून बाजूला झालेला माणूस असतो, कधी दोघे. खरी वाटाघाट त्याच्या टेबलावर होते: नायट्रोजनचे निर्बंध, आश्रयार्थी, घरबांधणी, अर्थसंकल्पातली तूट. करार झाला की ‘फॉर्माटर’ येतो, एरवी होऊ घातलेला पंतप्रधानच, आणि खातेवाटप करून मंत्र्यांची नावं ठरवतो. मग राजासमोर शपथ आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवरचा फोटो. २०१२ पर्यंत हे मध्यस्थ राणी नेमत असे, तेव्हापासून सभागृह नेमतं.

मुदत नाही, इथेच वेळ जातो. इतक्या दिवसांत सरकार बनलं नाही तर पुन्हा निवडणूक, अशी तलवार कुणाच्या मानेवर नसते. जुनं सरकार काळजीवाहू म्हणून चालत राहतं, सभागृह वादग्रस्त विषयांची यादी करून ते बाजूला ठेवतं, आणि सगळ्यांना वेळच वेळ. १९७७ ला २०८ दिवस लागले, २०१७ ला २२५, आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर २९९. त्या वेळची सुरुवातच बघा. २५ मार्च २०२१ ला फर्केनर कायसा ओलोनग्रेन यांना कोविड झाल्याचं कळलं आणि त्या घाईने बाहेर पडल्या. काखेतले कागद उघडेच होते. छायाचित्रकाराने टिपलं, लोकांनी फोटो मोठा करून वाचलं: ‘ओम्टझिग्टची स्थिती, दुसरीकडे पद’. सरकारला सर्वांत जास्त अडचणीत आणणाऱ्या खासदाराची सोय लावायची चर्चा चालली होती, असा त्याचा अर्थ लागला. पंतप्रधान रुटे अविश्वास ठरावातून जेमतेम वाचले आणि चर्चा कित्येक आठवडे ठप्प झाली. गणित कुठेही चुकलं नव्हतं. विश्वास संपला होता.

विश्वासदर्शक ठराव मंजूर करून घेतलाच पाहिजे, असंही बंधन नाही. सभागृह हाकलत नाही तोवर सरकार टिकतं. त्यामुळे अल्पमताचं सरकारही बसतं. २०१० मध्ये व्हीव्हीडीच्या ३१ आणि सीडीएच्या २१ अशा ५२ जागांवर सरकार बनलं, पीव्हीव्हीच्या २४ जणांनी बाहेरून पाठिंबा दिला. एकूण ७६. मंत्री झालेला माणूस खासदार राहू शकत नाही. त्याची जागा यादीतला पुढचा घेतो, म्हणून सरकार बनतं त्या आठवड्यात सभागृहात नवे चेहरे एकदम दिसतात.

बाहेरचे निरीक्षक एक गोष्ट हमखास विसरतात: वरिष्ठ सभागृह. तिथे ७५ जागा, बहुमत ३८, आणि ते मुख्यतः प्रांतिक सभागृहांचे सदस्य निवडतात, वेगळ्या वेळी. प्रत्येक कायदा तिथूनही पार व्हावा लागतो. २०२४ चं डिक स्कोफ सरकार घ्या: कनिष्ठ सभागृहात ३७, २४, २० आणि ७ मिळून ८८, भक्कम. वरिष्ठ सभागृहात पीव्हीव्ही ४, व्हीव्हीडी १०, बीबीबी १६, एनएससी शून्य, म्हणजे ३०. अर्थसंकल्पासाठी विरोधकांकडे जावंच लागायचं.

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी कामाचं. ॲम्स्टेलवीन, हेग किंवा आइंटहोवनमध्ये कितीही वर्षं राहा, भारतीय पासपोर्टवर ट्वेडे कामरला मत नाही. कायमचा रहिवास परवाना असला तरी नाही. नगरपालिकेला मात्र सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर आहे आणि तो स्टेमपास आपोआप येतो. तो आला म्हणून संसदेच्या वेळीही येईल असं धरून चालू नये. डच नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, ओसीआय कार्ड घेता येतं, आणि संसदेचं मत मिळतं. मग पुण्याला परतलात तरी हेग नगरपालिकेकडे एकदा नोंद करून पोस्टाने मत देता येतं. पाकिटात तीन गोष्टी: सही केलेलं टपाली मतदान पत्र, ओळखपत्राची प्रत, आणि वेगळ्या बंद लिफाफ्यात मतपत्रिका. सही केलेलं पत्र चुकून मतपत्रिकेच्याच लिफाफ्यात घातलं तर मत गुप्त राहत नाही आणि सगळंच धोक्यात येतं. पेन्सिलीची मात्र चिंता नको: टपाली मताला लाल, निळा, काळा, हिरवा, चारही रंग चालतात.

स्कोफ सरकारातून विल्डर्स ३ जून २०२५ ला बाहेर पडले, म्हणजे ८८ चे ५१ झाले. २९ ऑक्टोबरला पुन्हा लाल पेन्सिली निघाल्या. रोब येटन यांचा डी६६ आणि पीव्हीव्ही, दोघांनाही २६-२६ जागा मिळाल्या, आणि पहिला कोण हे ठरायला परदेशातून आलेली टपाली मतं मोजून व्हावी लागली. ओम्टझिग्ट तोवर राजकारणातून बाहेर पडले होते. त्यांच्या एनएससीच्या २० जागांचं शून्य झालं.